सरासरी मंडळाची, पेशंट आपला: इमेजिंगचे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू कसे वाचावेत

आमच्या रिपोर्टिंग रूममध्ये एक संवाद दर महिन्याला एकदा तरी होतो. नवा रेसिडेंट मोबाइल पुढे करून म्हणतो, “मॅडम, अपेंडिक्ससाठी सीटीची सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के आहे. कॉक्रेनचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आहे.” मी विचारते, “कोणाचे ९५ टक्के रे? ते पेशंट कुठले होते?” मग तो खाली खाली स्क्रोल करत बसतो.

आकडा बरोबर आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून, तपासून एकत्र मांडलेला आढावा, आणि कॉक्रेन ही असे आढावे काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था. कॉक्रेनच्या २०१९ च्या त्या रिव्ह्यूत ६४ अभ्यास आहेत, प्रौढ पेशंटांमध्ये सीटीची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांपैकी तपासणी किती जणांना पकडते) ९५ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह म्हणते) ९४ टक्के निघाली आहे. मात्र त्यातल्या सुमारे १०,२८० पेशंटांपैकी ४,५८३ जणांना खरोखरच अपेंडिसायटिस होता, म्हणजे शंभरात जवळपास ४५. आपल्या ओपीडीत पोट दुखतंय म्हणून येणाऱ्या शंभरांत इतके कधीच नसतात. त्या रिव्ह्यूतले पेशंट कुणीतरी आधीच तपासून, संशय घेऊन सीटीपर्यंत पाठवलेले होते.

सरासरी काय चीज असते, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकात अतिवृष्टी नोंदली जाते आणि तीन कोसांवरच्या शिवारात सोयाबीन माना टाकून उभं असतं. पीकविमा मंडळातल्या कापणी प्रयोगावर ठरतो, आपल्या बांधावर किती पोती झाली यावर ठरत नाही. रिव्ह्यूतला एकत्रित आकडा म्हणजे अशीच मंडळाची सरासरी. ती लागतेच, तिच्याशिवाय अंदाजच बांधता येत नाही. पण आपलं शिवार त्या मंडळात येतं का आणि पर्जन्यमापक नीट बसवलेला होता का, हे आपल्यालाच बघावं लागतं. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षातले रेसिडेंट, इंटर्न आणि तालुक्याच्या गावी बसून सोनोग्राफी-सीटी लिहून देणारे डॉक्टर यांनी हे कसं बघावं, ते या लेखात सांगते आहे.

पहिली पायरी: रिव्ह्यू उघडण्याआधी स्वतःचा प्रश्न कागदावर लिहा

प्रश्नात चार गोष्टी हव्यात: पेशंट कोण, तपासणी कोणती, खरं-खोटं कशावरून ठरवणार (याला रेफरन्स स्टँडर्ड म्हणतात) आणि तपासणी कोणत्या कामासाठी. पहिल्या तीन सगळे लिहितात, चौथी विसरतात. तपासणी चाळणी म्हणून वापरायची आहे, जुन्या तपासणीच्या जागी आणायची आहे, की जुन्या तपासणीनंतर भर म्हणून करायची आहे? चाळणीतून आजारी माणूस निसटता कामा नये, म्हणून तिथे सेन्सिटिव्हिटी आधी बघायची. ऑपरेशनचा निर्णय तपासणीवर अवलंबून असेल तर स्पेसिफिसिटीकडे जास्त लक्ष हवं.

उदाहरणार्थ, हायवेवर मोटारसायकल घसरली, तरुण कॅज्युअल्टीत आणला, पोटाला मार आहे, बीपी ठीक आहे. सीटीचं मशीन ८० किलोमीटरवर. प्रश्न असा लिहायचा: “पोटाला मुका मार लागलेल्या, बीपी स्थिर असलेल्या प्रौढ पेशंटमध्ये, कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी नॉर्मल आली तर सीटी न करता भागेल का?” हा कागद जवळ ठेवा. शेवटी परत लागणार आहे.

दुसरी पायरी: रिव्ह्यू शोधा आणि शोधाची तारीख बघा

पबमेडवर (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची) सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा फिल्टर लावता येतो, तो फुकट आहे. कॉक्रेनच्या रिव्ह्यूंचे सारांशही फुकट वाचता येतात. पूर्ण लेख हवा असेल तर कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा. ही माणसं मदत करायला तयार असतात आणि रेसिडेंट त्यांच्याकडे थीसिसचा शेवटचा आठवडा येईपर्यंत फिरकत नाहीत.

रिव्ह्यू कधी छापला, यापेक्षा लेखकांनी शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला हे जास्त महत्त्वाचं. दोन्हींत कधीकधी दोन-दोन वर्षांचं अंतर असतं. काम सुरू करण्याआधी लेखकांनी आराखडा नोंदवला होता का, तेही बघा. त्यासाठी यॉर्क विद्यापीठाची प्रॉस्पेरो ही नोंदवही २०११ पासून आहे. आधी ठरवलेल्या गोष्टी आणि शेवटी छापलेल्या गोष्टी जुळत नसतील, तर त्याचं कारण लेखात सापडायला हवं.

तारखेचं महत्त्व कळायला कोविडचं उदाहरण पुरेसं आहे. त्या दोन वर्षांत गल्लोगल्ली “स्कोअर किती आला?” हाच प्रश्न होता. एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटीचा, २५ पैकी स्कोअर लोक फोनवर नातेवाइकांना सांगायचे. त्याच काळात कॉक्रेनने छातीच्या इमेजिंगवरचा रिव्ह्यू पुन्हा पुन्हा अद्ययावत केला. सप्टेंबर २०२० च्या आवृत्तीत, कोविडचा संशय असलेल्या लोकांमध्ये सीटीची स्पेसिफिसिटी १८ टक्के होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ६१ टक्के झाली आणि मार्च २०२१ मध्ये ८० टक्के. सेन्सिटिव्हिटी तिन्ही वेळा ८६ ते ९० च्या दरम्यानच राहिली. सीटीची मशीन काही सहा महिन्यांत सुधारली नव्हती. अभ्यास वाढले, आणि ‘पॉझिटिव्ह सीटी’ म्हणजे नेमकं काय, हे स्पष्ट लिहिलेल्या अभ्यासांवर लेखकांनी भर दिला. पहिली आवृत्ती डाउनलोड करून ठेवलेला माणूस पुढे वर्षभर १८ टक्के सांगत राहिला असेल.

तिसरी पायरी: मापक कसा बसवला होता ते बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रिव्ह्यूत एक तक्ता असतो, लाल-पिवळ्या-हिरव्या टिकल्यांचा. तो क्वाडास-२ या पद्धतीने भरलेला असतो. २०११ मध्ये आलेली ही पद्धत चार गोष्टी तपासते: पेशंट कसे निवडले, तपासणी कशी वाचली, रेफरन्स स्टँडर्ड कसं होतं आणि पेशंटांचा प्रवास व वेळ. पहिल्या तीन बाबतींत ‘हे आपल्या प्रश्नाला लागू पडतं का’ हेही वेगळं नोंदवलेलं असतं. क्वाडास-२ मध्ये एकूण गुण काढत नाहीत. एखाद्या रिव्ह्यूत “१४ पैकी ११ गुण” असं दिसलं, तर त्यांनी २००३ ची जुनी प्रश्नावली वापरली आहे, आणि तिचेही गुण मोजणं योग्य नव्हतं. एक मोठं भगदाड दहा बारीक चांगल्या गोष्टींनी बुजत नाही.

पेशंटांची निवड आधी बघा. ओळीने आलेले सगळे संशयित घेतले असतील तर चांगलं. ‘आजार नक्की असलेले ५० आणि ठणठणीत ५०’ असा अभ्यास असेल तर आकडे फुगणारच, कारण त्या दोन गटांतला फरक कुणालाही ओळखू येईल. अवघड असतो तो मधला पेशंट: जुनी टीबी होऊन गेलेला, फुप्फुसावर व्रण असलेला, आता पुन्हा खोकणारा.

निवडीचा दुसरा प्रकार आपल्याकडे रोज घडतो. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात येणारा पेशंट गावातल्या डॉक्टरांनी, मग ग्रामीण रुग्णालयाने, मग जिल्ह्याने गाळून पाठवलेला असतो. बहुतेक संशोधन अशाच मोठ्या रुग्णालयांत होतं. मी मोठ्या कॉलेजात शिकले आणि नंतर तालुक्याच्या ठिकाणी काम केलं. तोच प्रोब, तेच हात, पण माझ्या पॉझिटिव्ह रिपोर्टपैकी खरे ठरणारे कमी झाले. हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. माझं कसब घटलं नव्हतं, माझ्यापुढे येणारी माणसं बदलली होती.

पुढे तपासणी कशी वाचली ते बघा. फिल्म वाचणाऱ्याला ऑपरेशनचा निकाल आधी ठाऊक होता का? आणि उलट, अंतिम निदान ठरवणाऱ्याच्या हातात तोच सीटी रिपोर्ट होता का? दुसरी गोष्ट घडली तर तपासणी स्वतःच स्वतःला साक्ष देते.

रेफरन्स स्टँडर्डमध्ये सगळ्यांना एकच माप लावलं का, हा प्रश्न विचारा. अपेंडिक्सच्या अभ्यासांत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांचा निकाल हिस्टोपॅथॉलॉजीवरून (काढलेल्या अपेंडिक्सच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीवरून) ठरतो आणि ज्यांचं झालं नाही त्यांचा फॉलो-अपवरून. हे टाळता येत नाही, कारण नॉर्मल सीटीच्या पेशंटचं पोट कुणी उघडणार नाही. पण फॉलो-अप किती पक्का होता? आपल्याकडचा विचार करून बघा. बीडचा पेशंट दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेला, टोळीबरोबर कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात. महिन्याने फोन बंद. “परत आला नाही म्हणजे बरा झाला” असं अभ्यासकाने धरलं, तर सुटलेली केस तक्त्यात ‘खरी निगेटिव्ह’ म्हणून बसते आणि सेन्सिटिव्हिटी फुकट वाढते. म्हणून रिव्ह्यू वाचताना फॉलो-अप किती दिवसांचा होता आणि किती जण हाती लागले नाहीत, हे मी पेन्सिलने समासात लिहून ठेवते.

शेवटी प्रवास. इथे माझी एक चूक सांगते. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी रात्रीच्या ड्यूटीवर एका तरुणाची सोनोग्राफी केली. पोटात गॅस होता, अपेंडिक्स दिसलंच नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, “विशेष काही आढळलं नाही.” सर्जनने ते ‘नॉर्मल’ असं वाचलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑपरेशन झालं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं. मुलगा वाचला, पण बरेच दिवस वॉर्डात राहिला. ‘दिसलं नाही’ आणि ‘नॉर्मल दिसलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्रीनंतर मला कुणी सांगावं लागलं नाही.

हीच चूक अभ्यासांतही होते. अपेंडिक्स न दिसलेले पेशंट तक्त्यातून सरळ वगळतात आणि उरलेल्यांवर सेन्सिटिव्हिटी काढतात. ती छान दिसते, कारण अवघड पेशंट बाहेर गेलेले असतात. सोनोग्राफीचा कोणताही रिव्ह्यू हातात आला की “अनिर्णित तपासण्यांचं काय केलं” हे वाक्य शोधा. नसेल, तर छापलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात कमी मिळेल असं धरून चाला.

चौथी पायरी: आकडेमोडीच्या पानाला घाबरू नका

दोनच गोष्टी शोधा. ‘बायव्हेरिएट’ किंवा ‘एचएसआरओसी’ हे शब्द पद्धतींच्या भागात आहेत का? असतील तर सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी एकत्र बांधून हिशेब केला आहे. नसतील आणि दोन्हींच्या वेगवेगळ्या सरासऱ्या काढल्या असतील, तर तो रिव्ह्यू जपून वापरा.

कारण त्या दोन आकड्यांची गाठ असते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीच्या एक्स-रेवर २०२२ चा कॉक्रेन रिव्ह्यू आहे, त्यात हे स्वच्छ दिसतं. एक्स-रेवर ‘काहीही बिघाड’ दिसला की पॉझिटिव्ह धरलं, तर सेन्सिटिव्हिटी ९४.८ आणि स्पेसिफिसिटी ८९.१ टक्के. ‘टीबीसारखाच बिघाड’ असेल तरच पॉझिटिव्ह धरलं, तर सेन्सिटिव्हिटी ८४.८ वर उतरते आणि स्पेसिफिसिटी ९५.६ वर चढते. तपासणी तीच, फक्त उंबरठा हलला. वेगवेगळ्या उंबरठ्यांचे अभ्यास एकत्र केले असतील तर सरासरीला फारसा अर्थ उरत नाही, कारण तो उंबरठा प्रत्यक्षात कुणीच वापरलेला नसतो. एक्स-रे वाचणाऱ्या संगणकीय सॉफ्टवेअरचंही असंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी त्यांची शिफारस केली, पण सॉफ्टवेअर फक्त गुण देतं. किती गुणांच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचं, हे वापरणाऱ्याने आपल्या भागातल्या माणसांवर तपासून ठरवायचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आलेख. प्रत्येक अभ्यासाचा ठिपका आणि मध्ये दोन वर्तुळं असतात. आतलं लहान वर्तुळ सांगतं की सरासरीबद्दल आपल्याला किती खात्री आहे. बाहेरचं मोठं, प्रेडिक्शन रीजन, सांगतं की उद्या नव्या गावात मापक बसवला तर पाऊस साधारण कुठल्या पट्ट्यात मोजला जाईल. आपण ते नवं गाव आहोत, म्हणून बाहेरचं वर्तुळ बघायचं. ते अर्ध्या आलेखावर पसरलं असेल तर सारांशातल्या आकड्यावर विसंबू नका. उपचारांच्या रिव्ह्यूंमध्ये शिकलेला आय-स्क्वेअर (अभ्यासांचे निकाल एकमेकांपासून किती वेगळे, हे सांगणारा आकडा) आणि नेहमीचा फनेल प्लॉट (काही अभ्यास छापायचे राहिले का, याची शंका दाखवणारा आलेख) इथे नीट चालत नाहीत. त्यांच्यावरून मत बनवू नका.

पाचवी पायरी: टक्के सोडा, माणसं मोजा

हे वहीत हाताने करा, पाच मिनिटं लागतात. राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ वर्षांवरील लोकांमध्ये लाखाला ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षयरोग आढळला. समजा, वाड्या-तांड्यांवर शिबिरं घेऊन १०,००० प्रौढांचे एक्स-रे काढले. त्यांत साधारण ३२ क्षयरोगी असतील.

‘टीबीसारखा बिघाड’ हा उंबरठा ठेवला तर ३२ पैकी २७ सापडतील, ५ सुटतील, आणि क्षयरोग नसलेले सुमारे ४४० जण उगाच बोलावले जातील. ‘काहीही बिघाड’ ठेवला तर ३० सापडतील, २ सुटतील, आणि उगाच बोलावलेले सुमारे १,०९० होतील. तीन जास्त रुग्णांसाठी साडेसहाशे जास्त माणसांची थुंकी तपासायची. हे परवडतं का, याचं उत्तर रिव्ह्यूत मिळणार नाही. तुमच्याकडे थुंकी तपासायचं मशीन, कार्ट्रिज आणि माणसं किती, यावर ते ठरेल. माझं मत विचाराल तर शिबिरात सैल उंबरठाच ठेवावा, कारण सुटलेला एक जण घरातल्या लहान मुलांना आजार देतो. पण थुंकीचा निकाल चार दिवसांत हाती येणार असेल तरच. महिनाभर रिपोर्ट येणार नसेल, तर हजार माणसांना “तुमच्या छातीत काहीतरी आहे” असं सांगून घरी पाठवणं मला पटत नाही.

हाच हिशेब दोन आठवडे खोकणाऱ्यांच्या ओपीडीत करून बघा. समजा १,००० जणांत १०० क्षयरोगी आहेत. कडक उंबरठ्याने ८५ सापडतील आणि ४० उगाच धरले जातील. शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांत फक्त सहा खरे होते, इथे शंभरात अडुसष्ट खरे. मात्र थांबा: वरची स्पेसिफिसिटी सर्वसाधारण लोकसंख्येच्या चाळणीतून आलेली आहे. खोकणाऱ्यांच्या रांगेत न्यूमोनिया, जुने व्रण, धुरामुळे खराब झालेली फुप्फुसं जास्त असतात, त्यामुळे तिथे स्पेसिफिसिटी उतरेल आणि चाळीसचे साठ-सत्तरही होतील. शिवार बदललं की आकडे जसेच्या तसे उचलून नेता येत नाहीत, ते असं.

दोन तपासण्यांची तुलना करताना हाच धडा. एका रिव्ह्यूतून सोनोग्राफीचा आकडा आणि दुसऱ्यातून सीटीचा आकडा घेऊन शेजारी ठेवू नका. त्याच पेशंटांवर दोन्ही तपासण्या केलेले अभ्यास शोधा. थोडेच मिळतील, पण तुलना करायला तेच कामाचे.

आता तो कागद परत काढा

मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणासाठी कॉक्रेनचा २०१८ चा रिव्ह्यू आहे. मुका मार लागलेल्या पेशंटमध्ये बेडसाइड सोनोग्राफीची सेन्सिटिव्हिटी ७४ टक्के, स्पेसिफिसिटी ९६ टक्के. लहान मुलांमध्ये सेन्सिटिव्हिटी आणखी कमी, ६३ टक्के. हजार जखमींमध्ये २८० जणांना आत इजा आहे असं धरा. सोनोग्राफी २०७ जणांची पकडेल, ७३ जणांची सोडेल. इजा नसलेल्या ७२० पैकी साधारण २९ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणेल.

म्हणजे पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवून पळायचं, सर्जनला उठवायचं, रक्ताची सोय करायची. निगेटिव्ह आली तर आपला प्रश्न तसाच उरतो, आणि लहान मूल असेल तर जास्तच. त्यामुळे ‘सीटी न करता भागेल का’ याचं माझं उत्तर, केवळ या एका निगेटिव्ह रिपोर्टवर नाही. निगेटिव्ह रिपोर्टखाली मी हल्ली दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिते: “पोटात मोकळं पाणी दिसलं नाही, यावरून आतली इजा नाही असं म्हणता येत नाही. पेशंटला निरीक्षणाखाली ठेवून सोनोग्राफी पुन्हा करावी. पोटदुखी वाढली, नाडी वाढली, हिमोग्लोबिन उतरलं किंवा लघवीत रक्त आलं तर सीटीसाठी पाठवावं.” आणि नातेवाइकांना बाहेर बोलावून तेच बोलून सांगते, कारण रिपोर्टमधलं ‘निगेटिव्ह’ ऐकलं की ते गाडी सुरू करून घरी निघायच्या तयारीत असतात.